अंदाजाने ओतलेले तेल

आजच्या बहुतेक मोटारींत एसीच्या कॉम्प्रेसरला इंजिनासारखा तेलाचा चेंबर नसतो, डिपस्टिक नसते आणि तेल संपत आल्याचा लाल दिवा तर नसतोच. त्याचे वंगण गॅसबरोबर फिरते. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गरम, दाबाखालचा गॅस तेलाचे बारीक तुषार सोबत घेऊन कंडेन्सरमध्ये जातो. तिथे गॅसचा द्रव होतो आणि तेल त्यात मिसळते. ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल असा फेरा पूर्ण करून तेच तेल सक्शनच्या नळीतून कॉम्प्रेसरकडे परत येते आणि आतल्या स्वॉशप्लेटला, पिस्टनना, बेअरिंगना भिजवते. अख्ख्या एसीत मिळून हे तेल असते गाडीनुसार साधारण 60 ते 250 मिली. यातून सरळ निघणारी गोष्ट अशी की एसीचा कोणताही भाग उतरवला की त्याच्या पोटातले तेल त्याच्याबरोबर बाहेर जाते. कंडेन्सर, कॉइल, ड्रायर, नळी हे नवे भाग कोरडे येतात, म्हणून गेलेले तेल मोजून परत घालावे लागते. कॉम्प्रेसर बहुधा तेल भरून येतो, म्हणून त्यातले जास्तीचे मोजून काढावे लागते.

गॅरेजमधले प्रचलित मत याच्या नेमके उलट आहे. एसीचे काम म्हणजे गॅसचे काम. तेल कंपनीने भरलेले असते, ते कुठे जात नाही. गेलेच असेल तर गॅस भरताना थोडे मारायचे. कमी पडण्यापेक्षा चार थेंब जास्त बरे. कोणते तेल? एसीचे तेल. किती? ते हाताला कळते. पुस्तिकेतले मिलीलीटरचे आकडे शोरूमवाल्यांना बिल फुगवायला लागतात, इथे वीस वर्षे कोणाला लागले नाहीत. हे सगळे इतक्या ठामपणे सांगितले जाते की समोर उभ्या असलेल्या गाडीमालकाला ते अनुभवाचे सार वाटते, आणि गार हवा लागली की त्याची खात्रीच पटते. पण गार हवा हा तेल बरोबर असल्याचा पुरावा कधीपासून झाला? तेल निम्मे असले तरी एसी पहिल्या दिवशी उत्तम गार करतो. दुप्पट असले तरी बराच काळ बरा करतो. गेज गॅसचा दाब दाखवतात, आत तेल किती आहे ते दाखवत नाहीत. बाहेरून तेल मोजता येईल अशी सोय या कॉम्प्रेसरांवर नाही. म्हणूनच ते हिशेबाने ठेवावे लागते, आणि नेमका तोच हिशेब करायला हे मत नकार देते.

आधी ‘तेल कुठे जात नाही’ हे पाहू. समोरून धडक बसली की बंपरमागे पहिला मार खातो तो कंडेन्सर. तो फुटतो तेव्हा दाबाखालचा द्रव एका फुसक्यात बाहेर पडतो आणि रेडिएटरवर, बंपरच्या आतल्या बाजूला तेलाचा चिकट, काळपट थर बसतो. तो थर जे गॅरेज फडक्याने पुसून काढते तेच गॅरेज नवा कंडेन्सर कोरडाच बसवते, गॅस भरते आणि गाडी देते. विम्याच्या कामातली बिले पाहिली तर कंडेन्सरची ओळ असते, गॅसची असते, मजुरीची असते. तेलाची ओळ शोधावी लागते. पुस्तिकांमध्ये कंडेन्सर बदलताना साधारण 20 ते 40 मिली, कूलिंग कॉइल बदलताना 25 ते 60, ड्रायरसाठी 10 ते 30 आणि एकेका नळीसाठी 10 मिलीच्या आसपास तेल घालायला सांगितलेले असते. गाडीगणिक आकडा बदलतो, म्हणून त्याच गाडीची पुस्तिका उघडावी लागते. पण ज्या छोट्या गाडीत सगळे मिळून तेलच 100 मिली आहे, तिच्यात एका फुटलेल्या कंडेन्सरबरोबर एक तृतीयांश वंगण गेले, तर ‘कुठे जात नाही’ हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचे? शिवाय फुटीत कंडेन्सरच्या बाहेरचेही तेल फवाऱ्यासारखे जाते. त्यासाठी पुस्तिका भागाच्या आकड्यावर वेगळी भर सुचवते.

आता उलट बाजू. ओरिंगमधून किंवा नळीच्या क्रिम्पमधून हळूहळू झिरपणाऱ्या गळतीत गॅस जातो, तेल फार थोडे जाते. जोडावर तेलकट डाग दिसतो तेवढेच. अशा गाडीत दर उन्हाळ्यात गॅस टॉप-अप करताना ‘थोडे तेल’ मारले जाते. चार उन्हाळ्यांत चार वेळा. गेलेले नसताना आलेले तेल जाणार कुठे? ते साठत राहते. म्हणजे तेल खरोखर जाते तिथे घातले जात नाही, आणि जात नाही तिथे दरसाल घातले जाते. अनुभवाचा निष्कर्ष म्हणून जे सांगितले जाते ते बरोबरच्या रीतीच्या इतके अचूक उलटे असावे, हे योगायोगाने जमणेही कठीण आहे.

दुसरे मत कॉम्प्रेसरचे: ‘नवा भरून येतो, बसवा आणि चालवा.’ हे मत सगळ्यांत पटणारे आहे, कारण त्यातला पहिला भाग बहुधा खरा असतो. अनेक नव्या कॉम्प्रेसरांमध्ये संपूर्ण एसीला लागणारे तेल भरलेले असते. काहींत अर्धवट असते, काही नुसत्या नायट्रोजनवर कोरडे येतात. खोक्यावर आणि कॉम्प्रेसरवर चिकटवलेल्या कागदावर ते लिहिलेले असते. तो कागद बसवण्याआधी वाचायचा असतो, कचऱ्यात गेल्यावर नव्हे.

एक साधे उदाहरण घेऊ. गाडीचे एकूण तेल 120 मिली आणि नव्या कॉम्प्रेसरमध्येही 120 मिली. जुना कॉम्प्रेसर उतरवला, तो उलटा धरून सक्शन आणि डिस्चार्जच्या तोंडांतून तेल मापाच्या नळकांड्यात गाळले. शाफ्ट हाताने सावकाश फिरवत राहिले की आत अडकलेलेही येते. पाच-दहा मिनिटे द्यावी लागतात. निघाले 45 मिली. आतल्या भिंतींना चिकटून राहिलेले दहाएक मिली धरले तर जुन्यात एकूण 55 होते. याचा अर्थ 65 मिली अजून कंडेन्सरमध्ये, कॉइलमध्ये, नळ्यांत आहे. नवा तसाच बसवला की एसीत 185 मिली झाले, हवे त्याच्या दीडपटीहून जास्त. बरोबर काम म्हणजे नव्यातले 65 काढून 55 ठेवणे. जुन्यातून फारच कमी निघाले तर गळतीत तेल गेलेले आहे असे धरून पुस्तिका किमान किती ठेवायचे ते सांगते. त्याच नळकांड्यात तेलाचा रंगही दिसतो: स्वच्छ असेल तर जुना क्लचने किंवा बेअरिंगने गेला असण्याची शक्यता, काळे किंवा चंदेरी कण चमकणारे असेल तर आत धातू झिजला आहे आणि पुढचे काम वेगळे आहे. एका मापाच्या नळकांड्याने ही दोन उत्तरे मिळतात. गाडीच्या चाळीस सुट्या भागांचे भाव तोंडपाठ असलेल्या माणसाकडे ते नळकांडे का नसते, हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले: ‘लागत नाही.’

बसवल्यावरही एक पायरी उरते, तीही गाळली जाते. उभ्या-आडव्या प्रवासात नव्या कॉम्प्रेसरचे तेल सिलिंडरमध्ये उतरलेले असते. इंजिन सुरू करण्याआधी क्लचच्या पुढची चकती हाताने दहाएक फेरे फिरवली की ते बाहेर सरकते. ती न फिरवता एसी चालू केला तर पिस्टनसमोर गॅसऐवजी तेल येते. द्रव दबत नाही. दबतात त्या झडपांच्या पातळ पट्ट्या. मग नवा कॉम्प्रेसर पहिल्याच मिनिटाला आवाज करतो आणि दोष कारखान्याला दिला जातो.

‘जास्त झाले तर बिघडत नाही’ हे तिसरे मत. जास्तीचे तेल कॉम्प्रेसरमध्ये साठून त्याचे भले करत बसत नाही. ते गॅसबरोबर फिरते, कंडेन्सरच्या आणि कॉइलच्या नळ्यांना आतून थर देते, आणि उष्णता तेलाच्या थरातून धातूत जायला अडते. पुढचा दाब वाढतो, कॉइलमध्ये गारवा कमी होतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ आणि जास्त तापून चालतो. गाडीमालक तक्रार घेऊन येतो की सिग्नलला उभे असताना एसी गार करत नाही. मेकॅनिक गेज लावतो, दाब वाढलेला दिसतो, कंडेन्सरचा पंखा तपासतो, कंडेन्सर धुतो, गॅस थोडा सोडतो. अखेरीस कंडेन्सर बदलतो. तेल आहे तिथेच राहते. वर्ध्यात-चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा या थराची किंमत कळते. पुण्याच्या जानेवारीत कोणताही एसी चांगला वाटतो. कमी तेलाचा परिणाम मात्र कोणी नाकारत नाही: कोरडे घर्षण, उष्णता, पिस्टनवर ओरखडे, आणि मग जाम. म्हणून ‘कमीपेक्षा जास्त बरे’ हा सौदा शहाणपणाचा वाटतो. मोजून बरोबर घालण्याचा पर्याय हाताशी असताना दोन चुकांतली बरी चूक निवडण्याची वेळ येतेच का, हे मात्र कोणी विचारत नाही.

चौथे मत सगळ्यांत महागडे: ‘तेल ते तेल.’ आर-12 गॅसच्या काळात ते खपून जात होते. त्या गॅसबरोबर खनिज तेल चालायचे, आणि फ्रिजवाल्याच्या बाटलीतले तेल मोटारीतही चालून जायचे. 1987 च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला मारक गॅस मागे घेतले गेले आणि नव्वदच्या दशकात जगभर मोटारींमध्ये आर-134ए आला. हा गॅस खनिज तेलाशी मिसळतच नाही. त्याच्याबरोबर खनिज तेल घातले तर ते कॉम्प्रेसरमधून बाहेर पडते आणि कॉइलच्या, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात बसून राहते. तेल एसीत आहे, पुरेसे आहे, पण कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही. यासाठी पॅग, म्हणजे पॉलिअल्किलीन ग्लायकॉल जातीची तेले आली. त्यांतही 46, 100, 150 असे जाडीचे दर्जे आहेत, आणि कॉम्प्रेसरची रचना, त्यातल्या फटी, वेग पाहून कंपनीने त्यांतला एक ठरवलेला असतो. 46 च्या जागी 150 घातले की ते बारीक फटींत जायला आणि गार कॉइलमधून परतायला जड जाते. 150 च्या जागी 46 घातले की तापल्यावर त्याचा थर तुटतो. नंतरच्या आर-1234वायएफ गॅससाठी पॅगच, पण वेगळ्या रसायनांची भर घातलेले. एकट्या डेन्सोच्याच तेलांचे नंबर पाहावेत: आर-134ए साठी एनडी-ऑइल 8, आर-1234वायएफ साठी 12, विजेच्या कॉम्प्रेसरसाठी 11. एकाच कंपनीला तीन तेले बनवायची हौस असेल, असे कोणी समजत असेल तर गोष्ट वेगळी.

विजेच्या कॉम्प्रेसरपाशी तर हे मत धोकादायक होते. 2003 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसपासून पट्ट्याऐवजी मोटरवर फिरणारा कॉम्प्रेसर रूढ होत गेला; आज आपल्या रस्त्यांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांत आणि स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत तोच असतो. त्याची मोटर कॉम्प्रेसरच्या पोटातच असते आणि शेकडो व्होल्टवर चालणाऱ्या तिच्या वाइंडिंगला गॅस आणि तेल थेट लागते. म्हणून तिथे विजेला अडवणारे एस्टर जातीचे तेल, पीओई, घालतात. पॅग त्यात थोडेसे मिसळले तरी विद्युतरोध खाली येतो, गाडीचा संगणक इन्सुलेशनचा दोष पकडतो आणि गाडी चालूच होत नाही. हे थोडेसे पॅग बाटलीतून ओतावे लागत नाही. आदल्या गाडीचे तेल गॅस भरण्याच्या मशीनच्या नळ्यांत राहिलेले असते, तेवढे पुरते. शिवाय बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी गार ठेवण्याचे कामही याच एसीकडे असते. इथे ‘एसीचे तेल’ ही एवढीच ओळख सांगून कोणी झाकण उघडत असेल, तर त्याचा हात धरलेला बरा.

खरे तर तेलाचे नाव शोधायला पदवी लागत नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या पट्टीवर चिकटवलेल्या लेबलवर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते, पुष्कळदा तेलाचेही. कॉम्प्रेसरच्या अंगावरच्या पट्टीवरही ते असते. त्यावर मळ बसलेला असतो, इतकेच.

पाचवे मत हवेबद्दलचे: ‘अर्धा तास उघडे राहिले तर काय होते?’ पॅग तेल हवेतली वाफ अधाशासारखी ओढते; पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाला पाझर फुटावा तसे, फरक एवढाच की तेलाकडे पाहून काही कळत नाही. खनिज तेल पाणी जवळपास घेत नाही. पॅग आपल्या वजनाच्या एका टक्क्याहून जास्त घेऊ शकते. मुंबईत, रत्नागिरीत जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा 80 टक्क्यांच्या वर असतो. अशा दिवसांत कंडेन्सर उतरवून नळ्यांची तोंडे उघडी ठेवायची, सुटा भाग आणायला माणूस पाठवायचा, तो दुसऱ्या दिवशी येणार, आणि तोवर तेलाची निम्मी बाटली झाकण न लावता फळीवर. ड्रायरच्या टोप्या तर खोक्यातून काढल्याबरोबर उडवल्या जातात, जणू आत खेळणे आहे. ड्रायरमधले शोषक दाणे खुल्या हवेत आपली क्षमता गमावतात. म्हणून टोप्या सगळ्यांत शेवटी, जोडण्याच्या क्षणी काढायच्या असतात.

यावर उत्तर मिळते की व्हॅक्युम मारतो ना. व्हॅक्युम पंप दाब इतका उतरवतो की खोलीच्या तापमानालाच मोकळे पाणी उकळून वाफ होऊन निघून जाते, हे खरेच. पण तेलाने पोटात घेतलेले पाणी तो सहज सोडवत नाही. ते आत राहते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी त्याचा बर्फ होतो, एसी थोडा वेळ गार करतो, मग बंद पडल्यासारखा होतो, मग पुन्हा गार करतो. पीओई तेल तर पाण्याशी क्रिया होऊन आम्ल बनवते, आणि ते आम्ल अॅल्युमिनियम आतून खाते. गळती तपासण्यासाठी पंक्चरच्या कॉम्प्रेसरची हवा एसीत मारण्याची पद्धत याच जातीची. त्या टाकीच्या तळाचा नळ उघडला की पाण्याची पिचकारी येते, हे गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असते. तीच हवा एसीत भरून वर ‘लीकेज चेक केले’ म्हणून पैसे घेतले जातात. कोरड्या नायट्रोजनचे सिलिंडर मिळते, महाग नसते.

ओरिंगबद्दल बोलायला फार नाही. कोरडी बसवली की पिळते, कापते आणि महिन्याभरात गळते. तिला पुस्तिकेत सांगितलेल्या स्वच्छ तेलाचा बोटभर हात पुरतो. ग्रीस, इंजिन ऑइल आणि थुंकी हे तीन पर्याय पुस्तिकेत नसतात.

सहावे मत जाम झालेल्या कॉम्प्रेसरचे, आणि इथे नुकसान सगळ्यांत मोठे असते. कॉम्प्रेसर आतून झिजून गेला की अॅल्युमिनियमची भुकटी आणि पिस्टनच्या रिंगांचे तुकडे तेलात मिसळून काळा लगदा होतो आणि गॅसबरोबर थेट कंडेन्सरमध्ये जातो. जुन्या कंडेन्सरच्या जाड नळीतून तो धुऊन निघायचा. आजच्या कंडेन्सरमध्ये केसासारख्या बारीक वाहिन्या शेजारी-शेजारी असतात. त्या एकदा तुंबल्या की धुऊन मोकळ्या होत नाहीत, द्रावण शेजारच्या मोकळ्या वाहिनीतून निघून जाते आणि स्वच्छ झाल्यासारखे वाटते. म्हणून अशा वेळी कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचे, नळ्या आणि कॉइल योग्य द्रावणाने धुऊन पूर्ण वाळवायच्या, आणि मग तेल पुन्हा शून्यापासून भरायचे, कारण जुने काहीच आत उरलेले नसते. प्रचलित रीत काय? नवा कॉम्प्रेसर बसवायचा, किंवा जुन्या बाजारातून उघड्या तोंडाचा उचलायचा, नळ्यांत पेट्रोल नाहीतर थिनर मारून हवा द्यायची, संपले. आत राहिलेले पेट्रोल नव्या तेलाला पातळ करते, उरलेला लगदा नव्या कॉम्प्रेसरच्या तोंडी जातो, आणि काही महिन्यांत दुसरा कॉम्प्रेसर जातो. मग ‘हल्ली माल चांगला येत नाही’ हे वाक्य. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपन्या वॉरंटी देण्याआधी ड्रायर बदलल्याचे आणि नळ्या धुतल्याचे पुरावे मागतात, ते गंमत म्हणून नव्हे.

याला जोडून एक कसब आहे, ज्याचा गॅरेजमध्ये अभिमान बाळगला जातो. गॅस कमी झाला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसरचा क्लच तोडतो. अशा वेळी स्विचच्या कनेक्टरमध्ये वायरचा तुकडा घालून कॉम्प्रेसर चालू करून दाखवणारा मेकॅनिक हुशार समजला जातो. पण तो स्विच तिथे बसवला कशाला? तेल गॅसच्या वेगाने परत येते. गॅसच कमी असला की वेग पडतो, तेल कॉइलमध्ये मागे राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. स्विच त्याला वाचवायला असतो, वायरचा तुकडा त्याला मारायला. क्लच नसलेल्या, पुलीबरोबर सतत फिरणाऱ्या नव्या कॉम्प्रेसरांमध्ये तर तेवढाही बचाव नाही. तिथे गॅस आणि तेल दोन्ही मापात असणे हाच बचाव.

शेवटी उरतात दोन तक्रारी: वेळ आणि अनुभव. मापाच्या नळकांड्यात तेल गाळायला पाच-दहा मिनिटे लागतात. पुस्तिकेतले पान शोधायला, आता ती फोनवर असताना, त्याहून कमी. योग्य तेलाची बाटली काही शेकड्यांची आणि कॉम्प्रेसर पाच आकडी. कॉइल बदलायला अख्खा डॅशबोर्ड खाली उतरवणाऱ्या, दिवस-दीड दिवस त्यात घालवणाऱ्या माणसाला 40 मिली तेल मोजायला वेळ नाही, हे कारण ऐकून घ्यायलाही वेळ घालवू नये.

अनुभवाचे एवढे मान्य करायला हरकत नाही की जुन्या एसीवाल्याला बेअरिंगचा आवाज लांबून ओळखू येतो, आणि नळीला हात लावून तो गळतीची जागा बरोबर सांगतो. त्याचा तो हात खरा आहे. पण 20 मिली आणि 60 मिली यांतला फरक हाताला कळतो हा दावा कोणत्या हाताचा? ज्याचे माप घेता येत नाही त्याचा अनुभव साठत नाही. तेल कमी पडून कॉम्प्रेसर आठ महिन्यांनी गेला तर तो दुसऱ्याच गॅरेजमध्ये उघडतो, आणि चूक करणाऱ्याला ती कधी कळतच नाही. वीस वर्षांत कोणाला त्रास झाला नाही, या खात्रीचा अर्थ इतकाच की त्रास झालेले परत आले नाहीत.

मार्च 2019 मध्ये जाहीर झालेल्या इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख दुरुस्ती कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य होते. ते प्रमाणपत्र भिंतीवर लागले तरी मापाचे नळकांडे टेबलावर येईलच असे नाही. आणि कामाचा पसारा तर वाढतोच आहे: 1 ऑक्टोबर 2025 पासून देशात बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. हे ट्रक बिघडतील ते हायवेवर, धाब्याशेजारच्या टपरीसमोर, आणि त्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल ओतणारा हातही तोच असणार, जो आज म्हणतो की माप लागत नाही.

तेव्हा गाडीमालकाने एसीचा कोणताही भाग बदलून घेताना बिलावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: तेलाचे नाव आणि दर्जा, जुन्या भागातून किती मिली निघाले, नव्यात किती ठेवले किंवा घातले. कॉम्प्रेसर जाम होऊन बदलला असेल तर ड्रायर, कंडेन्सर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलल्याचीही नोंद हवी, आणि उतरवलेले भाग डोळ्यांसमोर हवेत. हे आकडे लिहून द्यायला जे गॅरेज ‘त्याची गरज नसते’ म्हणते त्याने तेल मोजलेले नाही, आणि तिथे गॅस भरायलाही गाडी देऊ नये.